विद्यापीठाचं पाणी केंद्र नेमकं करतं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूशास्त्र शिकले आणि एका विद्यापीठाच्या जलसंशोधन केंद्रात चौदा वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी विहिरींच्या कठड्यावर गेली असतील. गावच्या पारावर, एसटीत, नातेवाइकांच्या लग्नात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. केंद्राचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. महाराष्ट्रातल्या अशा केंद्रांचं काम थोड्याफार फरकाने असंच चालतं.

तुमच्या केंद्रात नेमकं चालतं तरी काय?

मोजणं. बाकी सगळं त्याच्यामागून येतं. पाऊस किती पडला, त्यातला ओढ्याने किती गेला, किती मुरला, विहिरीत पाणी कुठल्या महिन्यात कुठवर होतं, उपसा किती झाला, पाण्यात काय विरघळलंय. हे एकदा मोजून भागत नाही, वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन मोजावं लागतं. मग नकाशे, हिशेब, अहवाल आणि विद्यार्थ्यांना हे सगळं शिकवणं.

एकदा विहिरीत टेप सोडत होते, तर शेजारी भांडी घासत बसलेल्या आजींनी विचारलं, "मोजल्यानं पाणी वाढतंय व्हय गं?" नाही वाढत. पण त्याच गावात भावकीत पाण्यावरून जुंपलेली होती आणि प्रत्येकाच्या मते दुसऱ्याचीच मोटार जास्त चालत होती. वर्षभराचे आकडे आम्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले. भांडण मिटलं नाही. पण त्यानंतर सगळे एकाच आकड्यावर भांडायला लागले. मला विचाराल तर केंद्राचं खरं काम हेच.

बोअर कुठे घ्यायचा, ते सांगाल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कधी कधी सांगतो, पण तो आमचा मुख्य उद्योग नाही. त्यासाठी विद्युत रोधकता चाचणी करतात. चार सळ्या एका रेषेत जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळ्यांमध्ये व्होल्टेज किती येतं ते बघायचं. ओला, झिजलेला खडक विजेला कमी अडवतो, कोरडा काळा पाषाण जास्त अडवतो. सळ्या लांब लांब नेत गेलं की वीज खोल उतरते आणि खालच्या थरांचा अंदाज येतो.

अंदाजच येतो, खात्री नाही. चिकणमाती आणि खारं पाणीसुद्धा विजेला कमी अडवतात, त्यामुळे यंत्र "ओलं आहे" म्हणतं तिथे चिखल किंवा मचूळ पाणी निघू शकतं. ही चाचणी हवी असेल तर आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करा. त्यांच्याकडे तुमच्या भागातल्या जुन्या नोंदीही असतात.

मग पाणाडी नारळ घेऊन सांगतो ते खोटं?

तळहातावरचा नारळ उभा राहण्याचा आणि खालच्या पाण्याचा संबंध आजवर कुणी तपासणीत दाखवून दिलेला नाही. पण पाणाड्याचं बऱ्याचदा बरोबर येतं, हेही मी पाहिलंय. त्याची दोन कारणं मला दिसतात. एक, मुरमाड जमिनीत, ओढ्याच्या जवळपास कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतंच. आणि दुसरं, मुरलेल्या पाणाड्याने शिवार पायाखाली घातलेलं असतं. उंबर कुठे आहे, उन्हाळ्यात हिरवं गवत कुठे टिकतं, कुणाच्या विहिरीला पाणी आहे हे तो बघतो. नारळ नंतर येतो. कोरडे गेलेले बोअर मात्र कुणाच्या वहीत नसतात. लागलेला बोअर गाव दहा वर्षं सांगतं, कोरड्याचं नाव दुसऱ्या दिवशी निघत नाही.

शेजारच्या वावरात धो धो पाणी आणि आमच्यात खडखडाट. असं कसं?

कारण आपण बेसाल्टवर बसलोय. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर असा पसरत गेला, त्याचा हा खडक. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मधे कधी लाल गेरूचा पट्टा असतो. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्यातल्या सांध्यांत आणि पाषाणाला भेगा असतील तर त्या भेगांत.

जमिनीखाली पाण्याची नदी वाहते, ही कल्पना सोडून द्या. इथे भेगाळलेल्या खडकाची एखादी पट्टी असते, कुठे एकरभर, कुठे गावभर. तुमच्या शेजाऱ्याची विहीर त्या पट्टीवर बसली, तुमची बांधाच्या अलीकडे घट्ट पाषाणात गेली. दगडात उभी घुसलेली काळी भिंत, म्हणजे डाइक, मधे आली तर तिच्या एका बाजूला पाणी अडतं आणि दुसरी बाजू कोरडी राहते. असं एक शिवार मी पाहिलंय, जिथे पन्नास पावलांवरच्या दोन विहिरींच्या पातळीत चार मीटरचा फरक होता. गावात त्यामागे शाप असल्याची गोष्ट होती.

हा खडक साठवतोही थोडंच. शंभर लिटर आकाराच्या झिजलेल्या बेसाल्टातून एक ते तीन लिटर पाणी सुटून येतं. वाळूच्या गाळात हाच आकडा पंधराच्या आसपास जातो. म्हणून पंजाबच्या किंवा गंगेच्या खोऱ्यातल्या युक्त्या इथे आणल्या की फसतात.

इगतपुरी-मोखाड्याकडे इतका पाऊस, तरी उन्हाळ्यात टँकर का?

वर सांगितलं तेच. भांडं लहान आहे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तरी खडकातली जागा जुलैतच भरून जाते. पुढचा सगळा पाऊस उतारावरून सरळ समुद्राकडे, नाहीतर धरणाकडे. मुरलेलंसुद्धा डोंगरउतारावर झऱ्यांतून पाझरत पाझरत डिसेंबर-जानेवारीपर्यंत निघून जातं. तिथे पाऊस भरपूर असतो, फक्त तो मेपर्यंत टिकत नाही.

लातूरचं दुखणं वेगळं. तिथे पाऊसच कमी, वर सलग दुष्काळ आणि मांजरा धरण कोरडं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला प्रत्येकी ५० हजार लिटरच्या १० वाघिणी होत्या, म्हणजे ५ लाख लिटर. टीव्हीवर ते प्रचंड वाटलं. पाच अश्वशक्तीची एक चांगली मोटार सलग चालली तर दोन दिवसांच्या आत तेवढं पाणी विहिरीतून काढते.

विहीर मोजता म्हणजे काय करता?

टेप सोडतो. टेपच्या टोकाला वजन, शेवटच्या मीटरभरावर खडू. टेप वर ओढला की खडू जिथवर ओला, तिथे पाणी. आता बॅटरीचा टेप मिळतो, पाण्याला टेकला की वाजतो. पण विहिरीच्या कडेच्या ओलीला लागूनही वाजतो, म्हणून मी खडूला अजून मानते. कठड्यावर तेलरंगाचा एक ठिपका असतो, दर वेळी तिथूनच मोजायचं. विहिरीत पारवे असतील तर आधी टाळी वाजवायची, नाहीतर एकदम फडफडून अंगावर येतात. वयस्क मंडळी विहिरीची खोली अजून परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात. त्यांच्या परसाचे फूट किती, हे तिथल्या तिथे विचारून घ्यावं.

मोटारीचा उपसा मोजायला दोनशे लिटरचं पिंप आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. पिंप ४० सेकंदांत भरलं तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ हजार. लाईट आठ तास असेल तर १,४४,००० लिटर. मोटारीवर लिहिलेल्या अश्वशक्तीवरून हिशेब करू नका. पाचचा शिक्का आणि आत साडेसात, हे इतकं सर्रास आहे की आता मी विचारतही नाही.

यात माझी एक चूक सांगते. एका दुष्काळी मेमध्ये अकरा विहिरी एका दिवसात मोजल्या. एकीची पातळी बाकीच्यांपेक्षा अडीच मीटर खाली होती. मी नकाशावर तिच्याभोवती लाल गोल काढला आणि "अतिउपसा" लिहून नकाशा गावात दाखवला. विहिरीच्या मालकाने सभेत काही म्हटलं नाही. रात्री फोन केला, "मॅडम, तुम्ही आलात तवा मोटार पहाटेपासून चालू होती. लाईट गेली आन् तुम्ही आलात. दुसऱ्या दिवशी पाणी परत जागेवर." विहीर सावरण्याआधीच मी टेप सोडला होता. नकाशा बदलला, सभेत जाऊन सांगितलं. तेव्हापासून वहीत पहिला रकाना: मोटार कधी बंद केली?

म्हणजे विहीर भरून यायला किती वेळ लागतो, तेही मोजता?

हो, आणि त्यातूनच खडकाची खरी ओळख होते. मोटार लावून विहीर उपसायची. पातळी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला मोजत जायची. मोटार बंद करून पुन्हा तसंच, पाणी वर येताना. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे १५ हजार लिटर. तेवढं परत यायला दोन तास लागले की दोन दिवस, यावर त्या विहिरीच्या जिवावर काय लावायचं ते ठरतं. विद्यार्थ्यांना हे काम नकोसं होतं, कारण रात्रभर बसावं लागतं. मला मात्र ते आवडायचं. रात्री तीन वाजता विहिरीत पाझर पडताना ऐकू येतो.

गावाचा पाण्याचा ताळेबंद म्हणजे काय? त्याने काय कळतं?

घरखर्चासारखाच हिशेब. आवक किती, जावक किती. समजा, ५०० हेक्टरचं शिवार आणि ६०० मिलिमीटर पाऊस. गुणाकार केला की ३० लाख घनमीटर, म्हणजे ३०० कोटी लिटर पाणी गावावर पडलं. आकडा ऐकून सरपंच खूश होतात. आता यातला बराच भाग मातीत ओल होऊन राहतो, तो पिकं आणि झाडं पितात, उन्हाने वाफ होते, काही ओढ्याने जातो. खाली भूजलात बेसाल्टच्या प्रकारानुसार साधारण ७ ते १३ टक्के मुरतं. दहा धरू. उरले ३० कोटी लिटर.

गावाची वस्ती दीड हजार. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी दिवसाला ५५ लिटर धरलं तर वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर. जनावरांचं वेगळं धरा. म्हणजे पडलेल्या पावसातलं शंभरातलं एक पाणी पिण्याला पुरतं. मग टँकर कशाला लागतो?

आता उसाचा हिशेब लावा. पाटाने पाणी दिलं आणि विहिरीतून वर्षाला दीड मीटर पाणी द्यावं लागलं असं धरलं, तर एका हेक्टरला दीड कोटी लिटर. वीस हेक्टर, म्हणजे सुमारे पन्नास एकर ऊस झाला की ३० कोटी संपले. पाचशे हेक्टरच्या गावात पन्नास एकर ऊस म्हणजे काहीच नाही. आठ-दहा घरांचा असतो.

मी हा फळा जिथे जिथे लिहिला, तिथे या ठिकाणी शांतता होते. मग मागून कुणीतरी म्हणतं, "पण कारखाना पैसे देतो, ज्वारी कोण घेतं?" आणि ते बरोबर असतं. त्याचं उत्तर आमच्या फळ्यावर नसतं.

म्हणजे ऊस लावायचाच नाही?

ते गाव ठरवेल. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने दर वर्षी पाऊस मोजून पिकं ठरवायची पद्धत लावली, शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळीला नाही म्हटलं. केंद्र एवढंच सांगू शकतं की इतका ऊस ठेवला तर विहिरी अमुक महिन्यात तळ गाठतील. पाणी देण्याची पद्धत बदलली तर किती फरक पडतो, यावर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं चांगलं काम आहे. त्यांचं "फुले इरिगेशन शेड्यूलर" नावाचं अ‍ॅप पिकाला कधी आणि किती पाणी द्यायचं ते सांगतं.

शेततळं घ्यावं का?

कुठलं शेततळं, ते आधी सांगा. पावसाचं वाहतं पाणी अडवून भरणारं शेततळं वेगळं. प्लास्टिक अंथरून विहीर-बोअरने भरलेलं वेगळं. पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरं म्हणजे सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी वर काढून उन्हात एकाच्या नावावर ठेवणं. भरलेलं ३० बाय ३० मीटरचं तळं धरा. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला ७ मिलिमीटर पाणी उडालं तर ६,३०० लिटर गेले. म्हणजे रोज एक छोटा टँकर, कुणी न पिता. द्राक्ष-डाळिंबवाल्या शेतकऱ्याला त्यातही परवडतं, कारण बाग वाचते. शेजारच्या विहिरीवाल्याला ते परवडतंय का, हे कुणी विचारत नाही.

नाला खोलीकरणाने पाणी वाढतं ना? शिरपूरला तर झालं.

शिरपूरचं उदाहरण देताना शिरपूरची जमीन सोबत आणता येत नाही. धुळे जिल्ह्यातला तो तालुका तापीच्या खोऱ्यातला, तिथे गाळाचे जाड थर आहेत. वरची चिकण काढून खालच्या वाळूपर्यंत पोचलं की पाणी झपाट्याने खाली उतरतं. हेच खोदकाम बीडच्या किंवा साताऱ्याच्या पाषाणात केलं तर मुरूम खरडून निघतो आणि खाली घट्ट दगडाची परात उरते. तिच्यात पाणी दिसतं, फोटो छान येतो, मुरत मात्र नाही. त्याहून वाईट म्हणजे नाला आजूबाजूच्या विहिरींच्या पातळीपेक्षा खाली गेला, तर विहिरींचंच पाणी नाल्यात झिरपून वाहून जातं. पोकलेन आणण्याआधी नाल्याच्या काठाची माती, मुरूम, दगड किती फुटांवर बदलतो एवढं बघा. जवळच्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर ते फुकट वाचता येतं.

जलसंधारणाच्या कामाने पाणी वाढलं की नाही, हे तुम्ही कसं ठरवता?

अवघड आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. बंधारा दुष्काळात बांधतात. पुढच्या वर्षी पाऊस बरा होतो, विहिरी भरतात, श्रेय बंधाऱ्याला. बंधारा नसलेल्या शेजारच्या गावातल्या विहिरीही भरलेल्या असतात, तिकडे कुणी जात नाही.

आम्ही तीन गोष्टी बघतो. साधारण तेवढ्याच पावसाचं कामाआधीचं एखादं वर्ष. तशाच खडकाचं पण काम न झालेलं शेजारचं गाव. आणि ओढ्यात लावलेली व्ही-नॉच, म्हणजे पत्र्यात कापलेली इंग्रजी व्ही आकाराची खाच. काटकोनी खाचेत पाणी १० सेंटिमीटर उंच असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर जातात. उंची दुप्पट झाली तर पाणी साडेपाच पटींहून जास्त, म्हणून सेंटिमीटरची चूकही महाग पडते. आमची एक खाच भंगारवाल्याकडे गेली. पुढची सिमेंटात बसवली.

आणि हो, पाणी वाढलं तरी पुढच्या वर्षी मोटारी वाढतात. मग पातळी जिथल्या तिथे. मग काम फुकट गेलं म्हणायचं का? कुणाचं तरी पीक वाढलं. कुणाचं, हे पाहावं लागतं.

पाणी तपासून मिळेल का? किती पाणी आणायचं?

केंद्रात प्रयोगशाळा असेल तर मिळतं, नाहीतर भूजल यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा आहे. स्वच्छ लिटरभराची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. गोड पेयाची बाटली आणू नका. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच न्यावी लागते, आणि ती विसळायची नाही.

भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालतं. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत ते याहून जास्त निघतं आणि तिथे मुलांच्या दातांवर ते दिसतं. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. युरिया आणि शेणखताच्या खड्ड्याशेजारच्या विहिरी यात नापास होतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या गाळाच्या प्रदेशात, क्षार इतके की चवीलाच कळतं. एक लक्षात ठेवा, पाणी उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार तसेच राहतात, उलट पाणी आटल्याने थोडे वाढतात.

सरकारी खाती असताना विद्यापीठाने यात कशाला पडायचं?

खात्यांशी स्पर्धा नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिली. राज्यभरातल्या साडेतीन हजारांहून जास्त निरीक्षण विहिरी ती वर्षातून चार वेळा मोजते. हे काम कुठल्याही विद्यापीठाला झेपणार नाही. नाशिकची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) ही सिंचनाशी जोडलेली, खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र तर १९१६ पासूनचं.

पण खात्याला योजना राबवायची असते, आणि आपल्याच योजनेबद्दल "चुकलं" म्हणणं कुणालाही जड जातं. विद्यापीठाला ते त्या मानाने सोपं असतं. शिवाय खात्याची माणसं बदलून जातात. विद्यापीठात एखाद्याच ओढ्याला वीस वर्षं धरून बसलेला प्राध्यापक सापडतो.

अमेरिकेने ही गोष्ट कायद्यानेच केली. तिथे १९६४ च्या कायद्याने राज्याराज्यांतल्या विद्यापीठांत जलसंशोधन संस्था सुरू झाल्या, आज त्या ५४ आहेत. आपल्याकडे असं एकसंध जाळं नाही. रुरकीला, आताच्या आयआयटीत, १९५५ पासून पाणी विकासाचं शिक्षण सुरू आहे. आयआयटी मुंबईत १९८५ पासून "सितारा" हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथल्या लोकांनी ठाणे-रायगडच्या टँकरच्या गावांवर काम केलं आणि पुढे पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या ताळेबंदाची पद्धत बसवून दिली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण जलकुंडं आणि कोकण विजय बंधारा शेतकरी वापरतात. प्रत्येकाची वाट वेगळी.

पैसा कुणाचा? आणि ज्याचा पैसा त्याच्यासारखा अहवाल?

पैसा राज्य सरकारचा, केंद्र सरकारचा, जागतिक बँकेच्या कर्जावर चालणाऱ्या प्रकल्पांचा, कधी कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीचा. दबाव येतो का? येतो. सहसा तो धमकीच्या रूपात येत नाही. "हा शब्द जरा सौम्य करा, मॅडम" असा येतो. "अयशस्वी" चं "अपेक्षेपेक्षा कमी परिणामकारक" होतं. अहवाल वाचताना वाक्यं सोडा, मागचे तक्ते बघा. तक्त्यात हात घालायला सहसा कुणाला वेळ नसतो.

आमच्या गावाचं मोजून नेता, मग अहवाल आम्हाला मिळतो का?

मिळायला हवा, आणि बऱ्याचदा मिळत नाही. ही तक्रार खरी आहे. विद्यार्थी येतो, जेवतो, मोजतो, इंग्रजीत प्रबंध लिहितो, पदवी घेतो. गावात उरतो तो कठड्यावरचा ठिपका. आम्ही पुढे नियम केला की मराठीत चार पानं आणि एक मोठा नकाशा ग्रामपंचायतीत लावल्याशिवाय विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायची नाही. सगळ्यांनी पाळला असं म्हणणार नाही.

माहिती न मिळण्याचं दुःख आम्हालाही आहे. एका कार्यालयाकडे दहा वर्षांचा पाऊस मागितला होता. सात महिने पत्रव्यवहार झाला आणि शेवटी जे आलं ते रजिस्टरच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो. अर्ध्या फोटोंत कुणाचा तरी अंगठा जुलै महिन्यावर.

बोअरबद्दल कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा आहे. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहीर ही "खोल विहीर" धरली आहे आणि अधिसूचित, म्हणजे सरकारने तसं जाहीर केलेल्या, क्षेत्रात तशी घ्यायला मनाई आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंधन आहे. प्रत्यक्षात आठशे फुटांवर गाड्या चालतात. तक्रार करायची असेल तर अंतर आणि खोली तारखेसह लिहून ठेवा.

मला हे शिकायचंय. काय शिकू?

भूशास्त्र, स्थापत्य, कृषी अभियांत्रिकी, पर्यावरणशास्त्र, कुठूनही येता येतं. अर्थशास्त्राची मुलंही लागतात, वर उसाच्या प्रश्नाचं उत्तर अडलं होतं ते आठवा. नकाशासाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर शिकून घ्या, ते फुकट आहे. नोकऱ्या बहुतेक प्रकल्पावरच्या, अकरा-अकरा महिन्यांच्या असतात, हे घरच्यांना आधी सांगा.

शाळेत किंवा घरी काही मोजता येईल का?

पाऊस. सरळ भिंतीचा, तळाला आणि तोंडाला सारखाच रुंद डबा घ्या, झाडा-भिंतींपासून लांब, जमिनीपासून हातभर उंचीवर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजा, लिहा, ओतून टाका. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. राज्यात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, पण मंडळात दहा-बारा गावं असतात आणि वळवाचा पाऊस बांधापुरता पडतो. महाबळेश्वरहून पाचगणी जेमतेम वीस किलोमीटर, तरी पाऊस निम्म्याहून कमी. पीक विम्याच्या वेळी तुमची वही चालणार नाही, ते खरं. पण मंडळाचा आकडा चुकलाय हे तुम्हाला तरी कळेल.

केंद्राच्या लोकांना गावात बोलवायचं तर काय तयारी करावी?

ग्रामसभेचा किंवा निदान ग्रामपंचायतीचा एक ठराव पाठवा, एकट्याच्या पत्रावर हालचाल होत नाही. सोबत गावचा नकाशा, सुरू आणि बंद विहिरी-बोअरची यादी. कोरडे गेलेले बोअरही लिहा, आम्हाला ते जास्त कामाचे. मे महिन्यात बोलवा, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये. विहिरी दाखवायला ज्याला सगळ्यांच्या बांधावरून जाता येतं असा माणूस द्या. तो बहुतेक वेळा सरपंच नसतो, पाणी सोडणारा वॉल्व्हमन असतो. जेवणाचं मनावर घेऊ नका, चहा चालतो. आणि ज्या विहिरी मोजायच्या त्यांच्या मोटारी आदल्या रात्रीपासून बंद ठेवा.